नातीचं पोट आणि आमचे इवाई

माणसाचं तोंड बघून, हात बघून, पायातलं पायताण बघून त्याची पारख करणारे लोक मी उभ्या जन्मात ढीगभर बघितले. पण समोर माणूस असो का म्हैस, आधी त्याच्या पोटाची चौकशी करणारा आणि बाकीच्या अंगाला फारशी किंमत न देणारा गडी आख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो माझा व्याही निघाला. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात, म्हणून मी बी इथं इवाईच लिहिणार. त्यांचं गाव देवगाव रंगारी. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात त्यांची नोकरी झाली. कुणी त्यांना कंपाउंडर म्हणालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "व्रणोपचारक," ते एकेक अक्षर दाबून सांगायचे. व्रणोपचारक म्हणजे जनावराची जखम धुऊन मलमपट्टी करणारा. शब्द मोठा हाय पण काम त्याहून मोठं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण जन्मभर शेळ्या-मेंढरं राखलीत. किडे पडलेली जखम धुणाऱ्या माणसाची किंमत मला कुणी शिकवायची गरज नाय.

सोयरीक जुळवायला ते पहिल्यांदा हर्सूलला आमच्या घरी आले, तेव्हा पोराची नोकरी, घराच्या खोल्या, तळ्याकडचा जमिनीचा तुकडा, काय काय सांगायचं ते मी पाठ करून बसलो होतो. हे गृहस्थ बैठकीत टेकलेच नाहीत. तसेच मागल्या दारी गेले, शेळ्यांच्या वाड्यात वाकले, एक लेंडी उचलली, दोन बोटांत फोडली, नाकाशी नेली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "पाव्हणं, लेंडी बांधीव हाय. मुक्या जनावराचं पोट जो राखतो, तो माझ्या लेकीला उपाशी ठेवणार नाय. तारीख काढा." माझी मालकीण तेव्हा हयात होती. ती पदर तोंडात घालून आत पळाली. मला राग आला होता का बरं वाटलं होतं, ते आज बी नक्की सांगता येत नाय. पोराचं शिक्षण, पगार, घराणं सगळं बाजूला राहिलं आणि आमच्या खानदानाची अब्रू एका लेंडीवर ठरली. पण ठरली चांगली. सून आली ती मंगल, आणि तिच्याबद्दल मला एक शब्द वावगा बोलायचा नाय.

लग्न झालं आणि त्यांचा दुसरा गुण कळला. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही जुनी चाल. नातवंड झालं की ती सुटते असं बहुतेक लोक धरून चालतात. इवाई धरून चालणाऱ्यातले नव्हते. लेकीला लेक झाली, ती लेक चालायला लागली, शाळेत गेली, कॉलेजात गेली, तरी हे आपले आले की वट्यावर बसणार, पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढणार आणि दुपारी भिंतीकडं तोंड करून स्वतःचा डबा उघडणार. आत आम्ही जेवतोय आणि बाहेर इवाई परक्यासारखा जेवतोय, हे माझ्या जिवाला लई लागायचं. एकदा मी बोललोच, "आमच्या घरच्या चहात काय कालवलेलं असतं का?" तर म्हणाले, "चहा झकास असणार, पाव्हणं. वास येतोय की. वास घ्यायला मनाई नाय." आणि डोळे मिटून खरंच वास घेत बसले. अशा माणसाशी भांडावं तरी कुठून?

पोटाची चौकशी मात्र घरदार, वेळकाळ काही बघायची नाही. लासूर स्टेशनला आमच्या भावकीतलं एक लग्न होतं. नवरदेव पारावरून मांडवाकडं निघालेला, वाजंत्री पुढं, वऱ्हाड मागं. इवाईंनी नवरदेवाचा चेहरा एक घटका न्याहाळला, त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "सकाळी साफ झालं का?" पोरगं इतकं गांगरलं की खरं बोलून गेलं. "दोन दिवस नाय." झालं. वाजंत्री थांबवली, गरम पाणी मागवलं, आणखी काय काय दिलं ते त्यांनाच ठाऊक. मुहूर्त टळला. मुलीचा मामा लालेलाल झाला. पण अर्ध्या-पाऊण तासानं नवरदेव जो हसत बोहल्यावर उभा राहिला, तसा हसरा नवरदेव मी काय परत बघितला नाय. इवाई मला कोपरानं ढोसून म्हणाले, "मुहूर्त बाहेर बघत्यात पाव्हणं. तो आत असतो."

आता ह्या सगळ्यात आम्लांचं खूळ कसं शिरलं ते सांगतो, कारण पुढची सगळी काळजी त्यातूनच निघाली. नोकरीत असताना खात्यानं त्यांना पशुखाद्याच्या प्रशिक्षणाला धाडलं होतं. तिथं त्यांनी ऐकलं की ढेप, म्हणजे जनावराची पेंड, असो का डाळ का अंडं, त्यात प्रोटीन असतं, आणि ते प्रोटीन अमिनो आम्लांचं बनलेलं असतं. दुसरा कुणी असता तर घरी येऊन विसरला असता. ह्यांना नवा देव सापडला. मला समजवायला त्यांनी घोंगडी घेतली. "पाव्हणं, डाळ म्हणजे घोंगडी. पोट ती घोंगडी उसवतं, एकेक लोकरीचा धागा सुटा करतं, आणि त्याच धाग्यांनी अंगाची नवी घोंगडी विणतं. हे धागे म्हणजे अमिनो आम्लं. वीस जातीचे धागे. काही अंग सोता बनवतं, काही बाहेरूनच यावे लागत्यात. एक धागा कमी पडला की वीण अडली." मला हे पटकन कळलं. घोंगडीचं मला कळणार नाय तर कुणाला? त्या धाग्यांची नावं मात्र ते अशी घ्यायचे, ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन, ग्लुटामिन, की मला ती कपाशीवर फवारायच्या औषधाची वाटायची. आणि जनावराला द्यायची ढेप ते आधी सोता चाखून बघायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. सरकीची ढेप तोंडात घोळवून, डोळे आकाशाला लावून, चवीनं. "जे आपल्या जिभेनं सोसलं नाय ते मुक्याला कसं घालावं?" म्हणायचे. निवृत्त झाल्यावर जनावरं सुटली, पण आम्लं सुटली नाहीत. मग ती माणसांच्या मागं लागली. माझ्या ताटातल्या भाकरीवर बोट ठेवून, बाहेरूनच, खिडकीतून, "ज्वारीत लायसिन कमी पडतं पाव्हणं, वरण वाढवा," असं सांगायचे. मी मुद्दाम वरण कमी घ्यायचो.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग आमची नात साक्षी आजारी पडली.

साक्षी बारावीला होती. पोरगी घरात कमी आणि मागच्या संडासात जास्त, हे आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, कारण माझी बाज तिकडच्या भिंतीला. लोखंडी कडी वाजायची. सकाळी तीनदा, मग पाचदा, मग मी मोजायचं सोडून दिलं, आणि सोडूनसुद्धा कान मोजतच राहिले. विचारावं तर पोरीची जात, अठराव्या वर्षाला लागलेली. आज्यानं काय विचारावं? मी मंगलला बोललो. मंगलनं खोदून विचारलं तेव्हा कळलं, दोन महिन्यांपासून रक्त पडतंय आणि पोरीनं परीक्षेच्या भ्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. गालाची हाडं वर आली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घालून तपासणी झाली. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला निवांत. म्हणाल्या, मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आलीय, जखमा झाल्यात. कशामुळं? तर अंगाची राखण करणारी जी ताकद असते, तीच आपल्या आतड्यावर उलटलीय. मला एकदम दिसलं ते. राखणीचा कुत्राच मेंढरांना चावायला लागावा, तसं. असा कुत्रा माझ्याकडं एकदा निघाला होता, त्याला लांब सोडून यावं लागलं. पण इथं कुत्रा पोरीच्या पोटात होता आणि त्याला सोडून देता येत नव्हतं. "हा मुळातून जाणारा आजार नाही," बाई म्हणाल्या. "पण गोळ्यांनी शांत राहतो. वर्षानुवर्षं शांत राहतो. गोळ्या बंद करायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी इवाई देवगावहून पहिल्या यस्टीनं हजर. काखेत वही. ती वही म्हणजे दवाखान्यातली जुनी, कोरी राहिलेली जनावरांची नोंदवही. वर रकाने छापलेले. त्यांनी त्यात साक्षीचं पान उघडलं. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. जनावराचा प्रकार: नात. रंग: गव्हाळ. शिंगे: नाहीत, तरी मारते. मालकाचे नाव, हा रकाना त्यांनी मोकळा सोडला होता. मी म्हणालो, "इथं माझं नाव घाला की, माझ्या घरात ऱ्हाती ती." ते म्हणाले, "पोरीला मालक नसतो, पाव्हणं." त्या माणसानं त्या पानावर पोरीनं काय खाल्लं, कसं सोसलं, कडी किती वेळा वाजली, सगळं रोजच्या रोज फोनवर विचारून लिहायला घेतलं. साक्षी चिडायची. "आप्पा, मी म्हैस नाही." "म्हैस असतीस तर बरं झालं असतं गं," ते म्हणायचे, "म्हैस लपवत नाय."

फोनवर वाचून वाचून त्यांनी आतड्याची आम्लं शोधून काढली होती. ग्लुटामिन हे आतड्याच्या अस्तराचं आवडतं खाणं. ट्रिप्टोफॅन पोटातली सूज उतरवायला मदत करतं, आणि ह्या आजाराच्या लोकांत ते बऱ्याचदा कमी सापडतं. आणि मेथिओनिन, सिस्टीन ही गंधकवाली मंडळी. ती फार झाली तर आतड्यातले जंतू त्यांच्यापासून नासक्या अंड्यासारखा वायू करतात, आणि तो म्हणे अस्तराला झोंबतो. "आणि ही गंधकवाली ऱ्हात्यात कुठं?" ते माझ्याकडं बघून म्हणाले, "मटणात." म्हणजे अख्खा जन्म मी शेळ्या राखल्या, त्यांनी माझं घर उभं केलं, आणि आता त्याच शेळ्या नातीच्या वैरी. माझ्या मस्तकात सणक गेली.

ते डॉक्टरीणबाईंकडं बी जाऊन बसले, वही उघडून. बाईंनी झिडकारलं नाही, हे सांगितलं पाहिजे. म्हणाल्या, "काका, तुम्ही वाचलंय ते खोटं नाही. पण त्यातलं बरंचसं उंदरांवर दिसलंय. माणसांना ग्लुटामिन देऊन बघितलं तर तसा ठाम फायदा अजून दिसलेला नाही. अमुक आम्ल खा आणि बरे व्हा, असं आज कुणी सांगू शकत नाही." इवाई म्हणाले, "बाई, उंदीर बी पोट असलेलंच जनावर हाय." बाई हसल्या. "मग उंदरांनाच विचारते, तुमची नात बरी होईल का ते." आणि मग हसू पुसून म्हणाल्या, "प्रोटीन तिला लागतंच, सूज असली की जास्तच लागतं. मऊ, बिनतिखट, सोसेल तेवढं. पण खाणं हे गोळीच्या सोबत. गोळीच्या जागी नाही." इवाईंनी ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. मी शेजारीच होतो. मी पण ऐकलं.

आणि तरी झालं ते झालं. गोळ्या लागू पडल्या, रक्त थांबलं, पोरीच्या तोंडावर जरा तजेला आला. इवाई दर चार दिवसांनी डबा घेऊन येत. त्यात काय असतं ते मी विचारलं नाही. इवायाच्या डब्याचं झाकण आपण उघडायचं नसतं, आणि तो परत बी पाठवायचा नसतो. आणि माझ्याकडून मी पोरीला शेळीच्या पायांचा रस्सा द्यायचो, मंगल बाजारात गेली की चुलीवर करून. ते इवाईंना मी सांगणार नव्हतो. त्यांची आम्लं आणि माझ्या शेळ्या, अशी लढत होती ती, माझ्या डोक्यात तरी. पोरगी दोघांचं मन राखायला दोघांचं खायची. दोन आजे एकाच पोटात आपापलं कोंबत होते.

एका दुपारी ती मागच्या दारी शेळीपाशी बसली होती. हातात त्या लांबट, तांबड्या गोळ्या. "आबा, किती वर्षं खायच्या ह्या?" तिनं विचारलं. मी नव्या रस्स्याच्या तोऱ्यात होतो. मी म्हणालो, "गोळ्यांवर कुणी जगलंय का? मी आजवर एक गोळी गिळली नाय. चांगली दिसायला लागलीस, आता अन्नच औषध." हे वाक्य माझं. इवायाचं नाही, फोनवरचं नाही, माझं. ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे मला परत पळवाट उरणार नाय.

तीन आठवड्यांनी कडी परत वाजायला लागली. आणि ह्यावेळी पोरगी कडीपर्यंत पोचायच्या आधीच भिंतीला धरून खाली बसली. भरदुपारी रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेली. डोकं माझ्या मांडीवर होतं. एवढीशी लागली मला ती, नवं कोकरू उचलावं तेवढी.

सलाईन लागलं. देवगावहून इवाई आले ते धापा टाकत, पायात दोन वेगळ्या चपला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?" साक्षीनं चादरीकडं बघून सांगितलं, "तीन आठवडे." "कुणी सांगितलं बंद करायला?" खोलीत मंगल, मी, इवाई, आणि माझं पोरगं कंपनीतून तसंच आलेलं. साक्षी काही बोलेना. खरं सांगतो, मी तोंड उघडलं होतं. शब्द निघाला नाही. तेवढ्यात इवाई पुढं झाले. "माझ्या खाण्याच्या नादानं झालं बाई. पोरीला वाटलं, आप्पाच्या आम्लांनीच बरं वाटतंय. चूक माझी." बाईंनी त्यांना चांगलंच खडसावलं. शिकलेले दिसता, सरकारी नोकरी केली, तरी असं कसं. ते मान खाली घालून उभे. मंगलनं बापाकडं असं बघितलं, की ते बघणं माझ्या वाट्याचं होतं आणि त्यांनी ते घेतलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिलो. ते बंद होतं, तरी बघत राहिलो.

आठ दिवसांनी पोरीला घरी आणली. आजार दबला, पण पोरगी जेवेना. गोळी घ्यायची, पाणी प्यायची, आणि ताट आलं की भिंतीकडं तोंड फिरवायची. "खाल्लं की दुखतं. खाणारच नाही, म्हणजे दुखणार नाही." मंगलनं मुगाची खिचडी केली, भाताची पेज केली, अंडं उकडलं. पोराला मी पहिल्यांदा रडताना बघितलं. डॉक्टरीणबाई फोनवर सांगत होत्या, अशी उपाशी राहिली तर परत भरती करावी लागेल, नळीतून खाणं द्यावं लागेल; अंगात बळच राहिलं नाही तर गोळी तरी कशाच्या जोरावर काम करणार? तिसऱ्या दिवशीही ताट तसंच परत गेलं. मी शेळ्यांना चारा टाकायला गेलो आणि चारा हातात धरून किती वेळ उभा होतो, मला माहीत नाही.

इवाई वट्यावर होते. डबा शेजारी, झाकण बंद. ते उठले, बाटली डबा तिथंच ठेवला, आणि आत आले. आत, स्वयंपाकघरात, साक्षीच्या शेजारी पाटावर बसले. "मंगल, मला बी वाढ," म्हणाले.

मंगल पळी हातात धरून थिजली. "आप्पा, तुमचा डबा आणू?"

"डबा ऱ्हाऊ दे. हिच्या पातेल्यातलं वाढ."

साक्षीनं तोंड फिरवून बघितलं. "आप्पा, तुम्ही आमच्याकडं जेवत नाही."

"जनावराला चाखल्याबिगर कधी काही घातलं नाय मी," ते म्हणाले. "तुला मात्र डबे भरभरून घातले, आणि तुझ्यासंगं बसून एक घास घेतला नाय. वाढ गं."

मंगलनं वाढलं. अर्धी खिचडी ताटाबाहेर. त्यांनी घास घेतला, डोळे आढ्याला लावले, ढेप चाखावी तसा तो घोळवला. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडं बघत होतो. शेवटी साक्षीनंच विचारलं, "कशीय?"

"खरं सांगू का?" ते म्हणाले. "सरकीची ढेप बरी."

पोरगी हसली. आवाज नव्हता त्यात, नुसते खांदे हलले. मग तिनं हात पुढं केला आणि त्यांच्याच ताटातून एवढासा घास उचलला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही, आपलं खात राहिले. दुसरा घास. तिसऱ्याला ती म्हणाली, "मीठ तरी घाला गं आई." मंगल मिठाचा डबा शोधायला वळली ती बराच वेळ वळलेलीच राहिली. त्यानंतर बारा-तेरा दिवस इवाई देवगावला गेलेच नाहीत. दोन्ही वेळा पोरीसंगं बसायचे आणि तिच्यासारखंच खायचे, बिनतिखट, मऊ, सोसेल तेवढं. त्यांचं स्वतःचं पोट आळणी खाऊन बिघडलं. ते बी त्यांनी वहीत लिहिलं.

ते निघाले त्या दिवशी मी त्यांना टी पॉइंटच्या चौकापर्यंत सोडायला गेलो. बोलायचं होतं, आणि रस्ताभर मी पाऊसपाण्याचं बोलत गेलो. रिक्षा दिसायला लागली तेव्हा म्हणालो, "इवाई, गोळ्यांचं मी बोललो होतो. पोरीला."

"ठावं हाय," ते म्हणाले. "दवाखान्यात बाई यायच्या आधीच कानात सांगितलं तिनं मला."

"मग बाईंच्या पुढं तुम्ही कशाला घेतलं अंगावर? लेकीनं वाटेल तसं बघितलं तुमच्याकडं."

ते पिशवीचे बंद नीट करत राहिले. मग म्हणाले, "मी ऱ्हातो देवगावला. तुम्ही तिच्याजवळ. रोज सकाळी तिच्या हातावर गोळी कोण ठेवणार? आज्याचा शब्द एकदा खोटा पडला घरात, की त्याच्या हातची गोळी बी खोटी पडती. घरातला एक आजा तरी शाबूत ऱ्हायला पायजे होता." आणि रिक्षात बसता बसता, "आणि रस्सा केला तर तिखट घालू नका. पायात बी आम्लं असत्यात, वाईट नसत्यात ती." म्हणजे ते पण त्यांना ठाऊक होतं.

त्याच दिवशी घरी येऊन मी मंगलला आणि पोराला खरं काय ते सांगितलं. पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बरोबर केलं त्यानं. साक्षी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं तळहात पुढं केला. तेव्हापासून गोळी माझ्या हातची. ती गिळेपर्यंत मी उभा असतो. दोन हिवाळे गेले. डॉक्टरीणबाई म्हणतात, शांत आहे. गेला असं त्या म्हणत नाहीत, आणि मी पण आता विचारत नाही. आम्लांचं अजून शोधतायत म्हणे लोक. कधीतरी कुणाच्या पोटाला कुठला धागा कमी पडतो ते नीट सांगता येईल. तोवर गोळी, आणि सोसेल तसं पोटभर.

इवाईंचे गुडघे गेले. आता यस्टीची पायरी चढवत नाही त्यांना. मागल्या रविवारी साक्षीच म्हणाली, चला देवगावला, म्हणून गेलो. त्यांच्या घरी, त्यांच्या हातचं मुगाचं वरण आणि मऊसूत भाकरी. पोरगी कॉलेजचं काय काय सांगत जेवत होती, हात हवेत, बोलणं भरभर, आणि अर्धी भाकरी झाल्यावर म्हणाली, "बास." ताट सरकवलं आणि हात धुवायला उठली.

ताटात अर्धी भाकरी. इवाईंनी ती बघितली, मी बघितली. का उरली, दुखतंय का, का खरंच पोट भरलं, का दिवस वाईट आहे, सगळं आम्हा दोघांच्या तोंडापर्यंत आलं होतं. ती बाहेर कुणाशी तरी फोनवर हसत होती. तिनं मागं सांगून ठेवलंय, दर घासाला माझ्याकडं बघत बसू नका, माझं मला कळतं. दोन म्हाताऱ्यांना गप बसायला लई ताकद लागते, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. इवाईंनी हात लांबवला, नातीच्या उष्ट्या भाकरीचे दोन तुकडे केले, एक माझ्या ताटात ठेवला. वरणात बुडवून आम्ही ते सावकाश खाल्लं.